मागे, पुढे, यादी

योगराजभाऊ आमच्या ओळीत राहायला आले त्याला महिना झाला असेल. दिवेलागणीची वेळ होती. कुणीतरी बाहेरून आमचं दार चाचपतंय असं वाटलं म्हणून मी उघडलं, तर हे किल्ली हातात घेऊन उभे. "चुकलो ताई, सगळी दारं सारखीच," असं म्हणून हसले आणि भिंतीला हात लावत पुढच्या दाराशी गेले. सुरतेच्या डिंडोलीतली ती रो-हाउसं खरोखरच एका साच्यातली होती, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण त्याच आठवड्यात पाण्याच्या पिंपाला धडकून त्यांचं कपाळ फुटलं. पिंप रोजच्याच जागी होतं.

त्यांची बायको उज्ज्वला हळद मागायला आली तेव्हा तिनं सगळं सांगितलं. रात्री दिसत नाही हे त्यांना लहानपणापासून होतं. आता दिवसासुद्धा फक्त समोरचं दिसायचं, बाजूचं काहीच नाही. बांगडीतून बघावं तसं, आणि ती बांगडी दर वर्षी लहान होत चालली होती. "कोनले सांगू नका, ताई," ती म्हणाली. घरात ते दोघं अहिराणीच बोलत. मी परभणीची, तरी एवढं मला कळायचं.

तिला भीती कामाची होती. योगराजभाऊ रिंग रोडजवळ जयंतीभाईंच्या ऑफिसात साड्यांची नक्षी काढायचे. त्यांचे वडील राघो पाटील पारोळ्याकडून सुरतेला मागावर काम करायला आले आणि मागावरच संपले. पण मुलाच्या हातात चित्र होतं. सोळाव्या वर्षापासून योगराजभाऊ चौकटीच्या कागदावर नक्षी भरत होते. एक चौकोन म्हणजे एक धागा. त्या चौकोनांवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि ती कार्डं मागावर चढवायची. मार्केटात त्यांचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. दुसऱ्याच्या नक्षीला जितकी कार्डं लागत, त्याच्या निम्म्यात ते तोच काठ बसवत. बघणाऱ्याला काहीही कमी झाल्यासारखं वाटत नसे. काय काढून टाकायचं हे त्यांना कळायचं. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा तेही ते बघता बघता शिकले.

सत्याण्णवच्या उन्हाळ्यात उज्ज्वलानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. आईवडील मामे-आतेभावंडं होते का, असं डॉक्टरांनी विचारलं. होते. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, यावर औषध नाही, असं सांगून त्यांनी आजाराचं इंग्रजी नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन योगराजभाऊ माझ्याकडे आले. मी महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीला इंग्रजी शिकवत होते, म्हणून. मी स्पेलिंग मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

जयंतीभाईंचे मेहुणे विलायतेत होते आणि त्यांच्याशी नमुन्यांची देवाणघेवाण करायला ऑफिसात नुकतंच इंटरनेट आलं होतं. जेवणाच्या सुट्टीत योगराजभाऊंनी ते नाव टाइप केलं. अमेरिकेतल्या वॉल्टर नावाच्या एका म्हाताऱ्या सुताराचं पान उघडलं. त्याला हाच आजार होता. करवतीचं काम कधी सोडलं, गाडी चालवणं कधी सोडलं, हे त्यानं साध्या भाषेत लिहिलं होतं. पानाच्या तळाला दीपगृहाचं चित्र असलेली एक रंगीत पट्टी होती. तिच्यावर टिचकी मारली की दुसऱ्या कुणाचं पान उघडे. त्यालाही हाच आजार. त्याच्याही तळाला तीच पट्टी. अशी त्रेचाळीस पानं एकमेकांना गोलाकार जोडलेली होती. पुढे पुढे जात राहिलं की माणूस फिरून वॉल्टरकडे येई. याला रिंग म्हणतात, असं योगराजभाऊंनी मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, ते रिंग रोडबद्दलच बोलताहेत.

रोज जेवताना ते एक पान वाचत. इंग्रजी अडलं की प्रिंट काढून माझ्याकडे आणत. हॉलंडचा एक पाववाला होता. नॉर्वेत कोंबड्या पाळणाऱ्या दोघी बहिणी होत्या. उज्ज्वला म्हणायची, जेवण तसंच परत येतं. पण मला त्यांच्यात फरक दिसत होता. आधी त्यांना वाटायचं की आपणच काही पाप केलंय. आता ते "आमचं" असं म्हणायला लागले होते.

त्या दिवाळीत त्यांनी स्वतःचं पान केलं. मजकूर त्यांचा, इंग्रजी माझं. ते रिंगमध्ये जोडलं आणि पंधरा दिवसांत स्कॉटलंडहून एडिथ नावाच्या बाईंचं पत्र आलं. त्या पूर्वी ग्रंथालयात होत्या आणि आता त्यांना काहीच दिसत नव्हतं. त्यांच्याकडे पान मोठ्यानं वाचून दाखवणारं यंत्र होतं. त्यांनी लिहिलं होतं की तुमचं पान मी ऐकलं, फार आवडलं, पण तुमच्याकडून मला पुढे जाता येत नाही. कुणाच्याच पानावरून जाता येत नाही. तळाची पट्टी आली की यंत्र नुसतं चित्र, चित्र असं म्हणत राहतं. मुलगी रविवारी येते तेव्हा ती एकदा बटण दाबून देते. म्हणजे आठवड्याला एक पान.

हे पत्र त्यांनी मला वाचायला लावलं. मग म्हणाले, "आंधळ्यांची रिंग, आणि आंधळ्यालाच फिरता येत नाही."

रविवारी मार्केट बंद असायचं. जयंतीभाईंनी किल्ली दिली आणि उज्ज्वला, मी आणि ते असे तिघं ऑफिसात गेलो. योगराजभाऊ खुर्चीत डोळे मिटून बसले.

"ताई, आता तुम्ही मशीन व्हा. लिहिलंय तेवढंच वाचा. चित्र असेल तिथं नुसतं चित्र म्हणा."

मी पाववाल्याचं पान वाचलं. कणीक मळून झाली हे आता मी हाताच्या तळव्यानं ओळखतो, असं त्यानं लिहिलं होतं. मग तळाला आले. "चित्र. चित्र. चित्र. चित्र. चित्र. चित्र. चित्र."

"पुढचं पान कुठलं?"

मी पुन्हा चित्र एवढंच म्हटलं. मशीनला काय माहीत असणार?

"आते कसं जाशात?" उज्ज्वलानं नवऱ्याला विचारलं.

त्या दिवसापासून ते त्या पट्टीच्या मागे लागले. त्यांच्या लक्षात आलेली एक गोष्ट मला अजून नवलाची वाटते. मला वाटत होतं, अक्षरं मोठी केली की झालं. ते म्हणाले, नाही. ज्यांना मधलं दिसेनासं होतं त्यांना मोठं अक्षर लागतं. पण माझ्यासारख्याला बांगडीएवढंच दिसतं, त्याला मोठं अक्षर त्या बांगडीत मावतच नाही, त्याला लहान हवं. आणि पट्टी आडवी पसरली की तिचं उजवं टोक कुठं गेलं ते कळत नाही, मान फिरवून शोधावं लागतं. चित्रातली अक्षरं ना लहान करता येतात ना मोठी. साधी लिहिलेली अक्षरं मात्र प्रत्येकाला आपल्या मशीनवर हवी तेवढी करता येतात आणि यंत्राला वाचताही येतात.

मग त्यांनी नक्षीतली कार्डं कमी करावीत तसं एकेक काढायला सुरुवात केली. चौकट काढली. दीपगृह काढलं. पाच पानं ओलांडून पुढे, कुठलंही एखादं पान, एक सोडून एक, अशी बटणं होती. ती कोण वापरतं, असं विचारून काढली. महिनाभरानं उरले तीन शब्द. मागे, पुढे, यादी. इंग्रजीतच, पण शब्द तेवढेच. डाव्या कडेला, एकाखाली एक. मी पुन्हा मशीन होऊन ते वाचले. त्यांनी डोळे मिटून म्हटलं, "पुढे." उज्ज्वलानं तो शब्द दाबला आणि वॉल्टरचं पान उघडलं.

वॉल्टरला पट्टी पसंत पडली. पण रिंगचा प्रमुख असला तरी दुसऱ्याच्या पानावरचं त्याला काही बदलता येत नव्हतं. ते ज्याचं त्यानंच करायचं. म्हणून योगराजभाऊंनी उरलेल्या सगळ्यांना पत्रं लिहिली. एकच मजकूर पाठवा असं मी म्हटलं तर ऐकेनात. प्रत्येकाच्या पानावरची एखादी गोष्ट लिहून मगच पट्टीबद्दल विनंती करायची. दोन महिने माझ्या संध्याकाळी त्यातच गेल्या.

पाववाल्यानं पट्टी त्याच दिवशी बदलली. नॉर्वेच्या बहिणींनी बदलली. सगळे मिळून अकरा जणांनी बदलली. काहींनी नम्रपणे नाही म्हटलं. ते दीपगृह पोर्तुगालच्या एका मुलीनं काढलेलं होतं आणि नजर जाण्याआधीचं तिचं ते शेवटचं चित्र होतं. ते आम्ही कसं काढून टाकणार? हे वाचून योगराजभाऊ म्हणाले, "मीही नसतं टाकलं." त्यांनी चित्र पानाच्या डोक्यावर ठेवा आणि तळाला शब्द ठेवा असं सुचवलं. पण तोवर त्या लोकांनी मनाला लावून घेतलं होतं, पुन्हा उत्तर आलं नाही.

आणि बाकीची पत्रं परत आली, किंवा उत्तराविनाच राहिली. का, ते हळूहळू कळलं. ती पानं करणाऱ्यांची नजर पुरती गेली होती. पान जिथल्या तिथं होतं, त्यावर दोन वर्षांपूर्वीच्या नाताळच्या शुभेच्छाही होत्या, पण पान करणाऱ्याला आता ते उघडता येत नव्हतं. त्याचा पासवर्ड त्याच्याजवळ. आपण कितीही पट्ट्या केल्या तरी त्या पानांवर चढवायला कुणी नव्हतं.

"म्हणजे जे सगळ्यात आधी आंधळे झाले, त्यांच्यापाशीच रस्ता बंद," ते म्हणाले.

अठ्ठ्याण्णवच्या सप्टेंबरात तापीचं पाणी शहरात शिरलं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर म्हणून वाचलं, पण टेलिफोन कित्येक दिवस मुका होता. लाइन सुरू झाली तेव्हा वॉल्टरचं पत्र येऊन पडलं होतं. ते त्याच्या नातीनं लिहिलं होतं. त्याला आता पडदा अजिबात दिसत नव्हता. रिंग तुम्ही सांभाळा, असं त्यानं कळवलं होतं. प्रमुखाला इंग्रजीत रिंगमास्टर म्हणतात. जयंतीभाईंनी हे ऐकलं आणि चार दिवस त्यांना सर्कसवाला म्हणून चिडवलं. योगराजभाऊ हसायचे. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

प्रमुखाला पानांचा क्रम बदलता येत होता. मुकी पानं काढून टाका, म्हणजे रिंग मोकळी होईल, असं पाववाल्यानं सुचवलं. योगराजभाऊंना ते पटेना. त्यांनी दुसरंच केलं. नव्या पट्टीची सगळी पानं एकापाठोपाठ एक लावली आणि जुनी त्यांच्यानंतर. रिंगमधून कुणालाही काढलं नाही. डिसेंबरात एडिथबाईंचं पत्र आलं. एका बुधवारी, घरात कुणी नसताना, त्या बारा पानं एकट्या फिरून आल्या होत्या. तेराव्यावर अडकल्या, पण त्याचं काही नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. ते पत्र मी तीनदा वाचलं, कारण योगराजभाऊंनी तीनदा वाचायला सांगितलं.

त्यानंतर चांगलं असं काही झालं नाही.

जानेवारीत त्यांनी केलेली एक नक्षी कडोदऱ्याच्या मागांवर चढली आणि पूर्ण माल विणून झाल्यावर कळलं की काठाच्या उजव्या कडेला एक काळा धागा भलत्याच जागी आला आहे. प्रत्येक साडीला, प्रत्येक वितीला. जयंतीभाईंनी एक साडी टेबलावर पसरली.

"योगराजभाई, आ शुं थयुं?"

योगराजभाऊंनी साडी जवळ ओढली. डोकं डावीकडून उजवीकडे फिरवत काठ बघितला. परत फिरवत आणला. मग विचारलं, "कुठं आहे?"

जयंतीभाईंचं बोट त्या धाग्यावरच होतं.

ते ओरडले नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि कधीपासून, एवढंच विचारलं. योगराजभाऊंनी सगळं सांगून टाकलं. पुढचे काही दिवस त्यांना फोनवर बसवलं, पण निरोप लिहून घेताना ओळीवर ओळ चढायची. होळीच्या आधी त्यांना घरी बसायला सांगितलं. जयंतीभाई स्वतः डिंडोलीला आले होते, मिठाई घेऊन. ती कुणी खाल्ली नाही.

उज्ज्वला घरीच साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायला लागली. खोलीभर त्या डिंकाचा वास असायचा. ऑफिस गेलं तसं इंटरनेटही गेलं. पण त्या वर्षी उधन्याला एक सायबर कॅफे निघाला होता आणि आम्ही तिघं रविवारी तिथं जाऊ लागलो. तोवर योगराजभाऊंना पडद्यावरचा एकेक शब्द तेवढा दिसत होता. उज्ज्वला माउस धरायची, मी वाचायची. अकरातली दोन पानं बंद पडली होती. नवं कुणी येत नव्हतं.

नोव्हेंबरात एक नोटीस आली. ती मी मोठ्यानं वाचली. या सगळ्या रिंगा अमेरिकेतल्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरवर चालत. ती कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनं घेतली होती. सर्व सदस्यांच्या सोयीसाठी एक नवी, आकर्षक पट्टी तयार केली आहे, अमुक तारखेपर्यंत ती लावावी, त्यानंतर जुन्या पट्ट्या चालणार नाहीत, असं त्यात होतं.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"चित्रं किती आहेत?"

मी मोजली. नऊ होती. त्यातलं एक हलणारं होतं, कसली तरी जाहिरात.

त्यांनी तिथंच कंपनीला पत्र सांगितलं आणि मी ते टाइप केलं. त्यात राग नव्हता. एडिथबाईंचं यंत्र काय म्हणतं ते सांगितलं, तीन शब्दांची पट्टी जोडली, आणि ज्यांना हवी त्यांना ही लावू द्यावी एवढंच मागितलं. पत्र पाठवलं त्याच मिनिटाला उत्तर आलं. आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो. तेवढ्या वेळात कुणी वाचणं शक्यच नव्हतं, हे तिघांनाही कळलं. पुढच्या रविवारी त्यांनी तेच पत्र पुन्हा पाठवायला लावलं. तेच उत्तर आलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तारीख उलटून गेल्यावर आम्ही बघितलं. नऊ पानांवर अजून तेच तीन शब्द होते. उज्ज्वलानं "पुढे" दाबलं तर कंपनीचं स्वतःचं पान उघडलं. "मागे" दाबलं तरी तेच.

"यादी?" त्यांनी विचारलं.

तेच.

योगराजभाऊ खुर्चीत मागे टेकले. शेजारच्या मशीनवर दोन कॉलेजची पोरं गुजरातीत गप्पा मारत होती. मग योगराजभाऊ म्हणाले की माझ्या पानावरून पट्टी काढा. तिच्या जागी त्यांनी मला त्या नऊ पानांचे पत्ते हातानं लिहायला लावले, एकाखाली एक, प्रत्येकापुढे माणसाचं नाव आणि गाव. आता ती रिंग नव्हती. पण एडिथबाई योगराजभाऊंच्या पानावर आल्या तर तिथून बाकीच्यांकडे जाऊ शकल्या असत्या. मी एडिथबाईंना तसं कळवलं.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. ते त्यांच्या मुलीचं होतं. आईला पडल्यामुळे वृद्धाश्रमात हलवलं आहे, तिथं कॉम्प्युटर नाही, यंत्र आम्ही एका संस्थेला देऊन टाकलं. आई तुमचं नाव घेते, पण उच्चार नीट जमत नाही. मी वाचत असताना योगराजभाऊंनी उज्ज्वलाचा हात धरला होता. लोकांत ते असं कधी करत नसत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, यादी काढून टाकायची का? आता वाचणारं कोण आहे?

"राहू द्या, ताई," ते म्हणाले. "काढायला परत यावं लागेल."

त्यानंतर आम्ही तिथं गेलो नाही. बमरोलीत साड्यांच्या घड्या घालायचं एक खातं, म्हणजे छोटा कारखाना, आहे. उज्ज्वलाच्या ओळखीनं त्यांना तिथं घेतलं. घडी बोटांनी घालता येते, त्याला डोळे लागत नाहीत, असं मालकाचं म्हणणं. खरं तर काठाला काठ जुळला की नाही ते बघावं लागतंच. ते काम पलीकडे बसलेली बाई करते, आणि यांच्या निम्म्या घड्या तिला उलगडून पुन्हा घालाव्या लागतात. ती हे मालकाला सांगत नाही. किती दिवस सांगणार नाही, ते तिचं तिला माहीत. योगराजभाऊंना हे कळत नसेल असं मला वाटायचं. एकदा मी उज्ज्वलाजवळ तसं बोलून गेले, तर आत बसलेले ते म्हणाले, "माले माहीत शे."

सकाळी आठला उज्ज्वला त्यांना रिक्षापर्यंत सोडते आणि घरी येऊन टिकल्यांचा डबा उघडते.